ई-फॉइल नेमकं कोणत्या खान्यात? मॉन्टेरे उपसागराचं प्रकरण

कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या छोट्या बंदरात ई-फॉइल, म्हणजे पाण्याखालच्या पंखांवर उचलला जाणारा, बॅटरीवर चालणारा बोर्ड, पाण्यात सोडायचं, बंधाऱ्याबाहेर पडायचं आणि डावीकडे वळून किनाऱ्याकिनाऱ्यानं प्लेझर पॉइंटकडे जायचं. बोर्डला आवाज जवळजवळ नाही, धूर नाही, मागे उसळणारी लाट नाही. तरीही ठरलेली वाट सोडून डावीकडे वळताक्षणी चालवणारा संघराज्य सरकारचा नियम मोडतो. नियम तोच, जो साडेतीनशे किलोच्या जेट-स्कीला लागू आहे. त्याच्याच शेजारून हातात फुगवलेलं शीड धरून, तसल्याच पंखांवर, तेवढ्याच वेगानं जाणारा विंग-फॉइलर मात्र पूर्ण कायदेशीर असतो.

सांताक्रूझ ज्या मॉन्टेरे उपसागरावर आहे तिथं ई-फॉइलवर जेट-स्कीसारखं बंधन असावं का, या वादाचं मूळ या एका दृश्यात आहे. 'पर्यावरणवादी विरुद्ध हौशी' अशी त्याची मांडणी केली की मुद्दा हरवतो. भांडण व्याख्येचं आहे. यंत्राला कोणत्या खान्यात टाकायचं आणि त्या खान्यासाठी आखलेल्या जागा त्याला झेपतात का, हे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत. नियमानं पहिल्याचं उत्तर दिलं, दुसरा कुणी विचारलाच नाही.

यंत्र

बोर्ड दीड ते पावणेदोन मीटर लांब. त्याच्या पोटातून खाली ६० ते ९० सेंटीमीटरचा उभा दांडा, म्हणजे मास्ट, ॲल्युमिनियमचा नाहीतर कार्बनचा. मास्टच्या तळाशी मोटर आणि पंखा, पुढे मोठा पंख, मागे लहान पंख. बॅटरी बोर्डच्या मध्यभागी बंद कप्प्यात, साधारण २ किलोवॉट-तासांची, एकटीच १० ते १५ किलोची. सगळं मिळून २५ ते ३५ किलो. वेग वाढला की पंखांवरची उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि साधारण ताशी १२ ते १५ किलोमीटरला बोर्ड पाणी सोडून वर येतो. एकदा वर आला की पाण्यात फक्त मास्ट आणि पंख उरतात. घर्षण एकदम घटतं आणि ताशी २५ किलोमीटरला सव्वा-दीड किलोवॉटमध्ये काम भागतं. शांत पाण्यात दीड तास मिळतो तो यामुळे. सतत पडणारा शिकाऊ असेल किंवा पाणी खडबडीत असेल, तर तासाभरातच बॅटरी संपत येते. वरच्या दर्जाची मॉडेलं ताशी ४० किलोमीटरच्या पुढे जातात.

नियंत्रण हातातल्या रिमोटवर असतं. ट्रिगर सोडला की मोटर थांबते. हात पाण्याखाली गेला तरी थांबते, कारण रेडिओ लहरी पाण्यातून जात नाहीत. जेट-स्कीत हे काम मनगटाला बांधायची दोरी करते. ही दोरी पुढे राज्याच्या नियमांत पुन्हा भेटेल.

बिघाड तीन प्रकारचे, आणि तिन्हींचा या प्रकरणाशी थेट संबंध आहे. एक, पंख पृष्ठभागाच्या फार जवळ आला की वरून हवा ओढतो, उचल क्षणात जाते आणि बोर्डचं नाक पाण्यात घुसतं. छोट्या मास्टवर, वाऱ्याच्या तुटक लाटांत हे वारंवार होतं. दोन, मास्टला केल्प अडकतं. हे लांबलचक समुद्री शेवाळ पंखाभोवती गुंडाळलं की बोर्ड जागच्या जागी थांबतो आणि माणूस पुढे फेकला जातो. तीन, बॅटरी संपते. मग पोटावर झोपून हातांनी वल्हवत परतायचं, आणि खाली पाऊण मीटरचा मास्ट नांगरासारखा पाणी कापत असतो. किनाऱ्यापासून ३०० मीटरवर हे कंटाळवाणं काम आहे. दोन किलोमीटरवर, १२ अंश सेल्सियसच्या पाण्यात, ते जिवावर बेतू शकतं.

नियम कसा घडला

मॉन्टेरे बे राष्ट्रीय सागरी अभयारण्य १९९२ साली जाहीर झालं. उत्तरेला मरीन काउंटीतल्या रॉकी पॉइंटपासून दक्षिणेला कँब्रियापर्यंत सुमारे ४४४ किलोमीटरचा किनारा त्यात येतो, मधला सॅन फ्रान्सिस्कोसमोरचा तुकडा वगळून. कारभार नोआ या समुद्र आणि हवामान पाहणाऱ्या संघराज्य संस्थेकडे. अभयारण्याबरोबरच मोटरवर चालणाऱ्या वैयक्तिक जलयानांवर बंधन आलं: पिलर पॉइंट, सांताक्रूझ, मॉस लँडिंग आणि मॉन्टेरे या चार बंदरांबाहेरचे चार पट्टे आणि तिथं जायच्या ठरलेल्या वाटा, एवढ्यातच ती चालवायची. बाकी सगळीकडे मनाई.

तेव्हाची व्याख्या आकड्यांवर उभी होती. लांबी १५ फुटांपेक्षा कमी, वेग ताशी १५ मैलांच्या पुढे जाऊ शकणारा, आणि चालकाखेरीज फार तर एक माणूस बसेल एवढी जागा. उदाहरणादाखल जेट-स्की, वेट-बाइक, सर्फ-जेट अशी नावंही दिली होती. म्हणजे मोटर लावलेला सर्फबोर्ड ही कल्पना नियमकर्त्यांना अगदीच नवी नव्हती.

जेट-स्की बनवणाऱ्या उद्योगाच्या संघटनेनं खटला भरला. सगळ्या मोटरबोटी मोकळ्या आणि बंधन फक्त आमच्यावर, हा पक्षपात आहे, असं त्यांचं म्हणणं. खालच्या न्यायालयात ते जिंकले. १९९५ साली वॉशिंग्टनच्या संघराज्य अपील न्यायालयानं निकाल फिरवला. एखाद्या संस्थेला एका आघाडीवर पाऊल टाकायचं असेल तर तिनं सगळ्या आघाड्यांवर एकदमच टाकलं पाहिजे असं नाही, हा त्या निकालाचा गाभा. 'विंग-फॉइल चालतं मग ई-फॉइल का नाही?' हा आजचा सवाल कायद्याच्या कसोटीवर लंगडा पडतो तो याच निकालामुळे. तो सवाल न्यायालयात नेण्यात अर्थ नाही. धोरण ठरतं त्या टेबलावर मात्र तो पूर्ण वजनाचा आहे.

न्यायालयात टिकलेली व्याख्या बाजारात मात्र टिकली नाही. तीन आसनांच्या जेट-स्की आल्या आणि हळूहळू त्यांचाच बाजार झाला. 'चालक आणि आणखी एक' या अटीत त्या बसेनात. आकार आणि ताकद पहिल्यापेक्षा जास्त, पण नियमाच्या बाहेर. त्यात पिलर पॉइंटजवळच्या मॅव्हरिक्स या जागी राक्षसी लाटांवर जेट-स्कीनं ओढत नेऊन सर्फिंग करण्याची लाट आली आणि वाद पेटला.

नोआनं नोव्हेंबर २००८ मध्ये नवी व्याख्या जाहीर केली, ती मार्च २००९ पासून लागू झाली. या वेळी आकडे मागे सारून रीत पुढे आणली. यंत्रानं चालणारं जे जलयान त्याच्या आत बसून किंवा उभं राहून चालवायचं नाही, तर त्याच्यावर उभं राहून, बसून, गुडघे टेकून, त्यावर स्वार होऊन किंवा त्याच्या मागे राहून चालवायचं, ते या वर्गात. याखेरीज २० फुटांखालची जेट-पंपवाली यानं आणि भारक्षमतेचा फलक लावण्यातून सूट मिळालेली छोटी यानंही आत घेतली. सोबत मॅव्हरिक्सला पाचवा पट्टा मिळाला, पण अटीवर: फक्त डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, आणि उंच लाटांचा अधिकृत इशारा लागू असेल तेव्हाच. पुढच्या आराखड्यात इशाऱ्याची पातळी एक पायरी खाली आणली गेली.

ई-फॉइल बाजारात आलं २०१७-१८ च्या सुमारास. म्हणजे हे शब्द लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ते नव्हतं. पण 'यंत्रानं चालणारं' आणि 'उभं राहून चालवायचं' या दोन अटी पूर्ण झाल्या की पळवाट उरत नाही. वेगाचा आकडा उरलेलाच नाही, त्यामुळे सॉफ्टवेअरमधून वेग ताशी १४ मैलांवर बांधून सुटायचा मार्गही बंद. जुन्या व्याख्येत तो मार्ग खुला राहिला असता, आणि कुठल्यातरी कंपनीनं 'मॉन्टेरे मोड' विकला असता. रीतीवर बांधलेली व्याख्या इथं जिंकते, हे मान्य करायलाच हवं.

पण ती नको त्यालाही ओढते. पॅडलबोर्डखाली लावायची छोटी मोटर, जेमतेम चालण्याच्या वेगाची, तीही आत. 'फॉइल ड्राइव्ह'सारखी मास्टला चिकटवायची मोटर, जी फक्त बोर्ड पाण्याबाहेर काढायला दहा सेकंद वापरतात आणि पुढे लाटेच्या जोरावर जातात, तीही आत. शब्दशः वाचलं तर वर बसायच्या कयाक होडीला लावलेली मासेमारीची ट्रोलिंग मोटरसुद्धा वादात सापडते.

जुन्या कारणांची उलटतपासणी

जेट-स्कीवर बंधन का घातलं, ती कारणं एकेक करून ई-फॉइलला लावून बघितली पाहिजेत. दोन्ही बाजूंचे लोक हे टाळतात. एक बाजू 'मोटर ती मोटर' म्हणून मोकळी होते, दुसरी 'आमचं इलेक्ट्रिक आहे' एवढ्यावर थांबते.

धूर आणि तेल: इथं ई-फॉइल सरळ सुटतं. बॅटरीचा कप्पा गळला तर धोका त्या चालकाला आणि तो चार्जिंगला लावतो त्या गॅरेजला. पाण्याला नाही म्हटलं तरी चालेल.

धडकेचा जोर: साडेतीनशे किलोची जेट-स्की आणि ८५ किलोचा माणूस ताशी ९० किलोमीटरला सुमारे १३६ किलोज्यूल गतिज ऊर्जा घेऊन धावतात. तोच माणूस ३० किलोच्या ई-फॉइलवर ताशी ३२ किलोमीटरला साडेचार किलोज्यूल घेऊन जातो. तीसपट फरक. पण हिशेब इथं थांबवणं अप्रामाणिकपणा होईल. जेट-स्कीचा जोर रुंद, बोथट सांगाड्यातून येतो. ई-फॉइलचा जोर कार्बनच्या पातळ कडेतून, तोही पाण्याखालून, जिथं पोहणाऱ्याला तो दिसत नाही. सांताक्रूझच्या लाटांवर सकाळी गर्दी असते. तिथं पाऊण मीटर खोल फिरणारी धार नकोच, मोटर असो वा नसो.

उथळ पाणी: जेट-स्कीला फूटभर पाणी पुरतं, म्हणून ती पक्ष्यांच्या चिखलपट्ट्यांत आणि खडकांच्या फटींत घुसते. ई-फॉइलला निदान कंबरभर पाणी लागतं, नाहीतर पंख वाळूत रुततो. हे कारण ई-फॉइलला लागूच होत नाही.

एकाच जागी घिरट्या आणि अचानक वळणं: हे पूर्ण लागू होतं. बोट कुठूनतरी कुठेतरी जात असते, म्हणून प्राणी तिची दिशा ओळखून बाजूला होतात. ई-फॉइलवाला त्याच अर्ध्या किलोमीटरात तासभर आठाचा आकडा काढतो.

आणि आवाज. इथं गोष्ट उलटते. जेट-स्कीविरुद्धची सर्वांत मोठी तक्रार आवाजाची होती, म्हणून ई-फॉइलचा शांतपणा हा समर्थकांचा हुकमी पत्ता असतो. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसासाठी ते खरं आहे. समुद्री पाणमांजरासाठी नाही.

या किनाऱ्याचं दक्षिणी समुद्री पाणमांजर जवळजवळ नामशेष झालं होतं. १९३८ मध्ये बिग सरच्या बिक्सबी ओढ्याच्या मुखाजवळ त्यांचा छोटा कळप लोकांच्या नजरेला आला. आज मोजणीत तीन हजारांच्या आसपास भरतात, आणि १९७७ पासून तो संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे. सील किंवा देवमाशासारखा चरबीचा थर या प्राण्याला नसतो. थंड पाण्यात ऊब टिकवायची ती दाट केसांवर आणि दिवसाला स्वतःच्या वजनाच्या जवळपास पाव हिस्सा खाण्यावर. म्हणून त्याची विश्रांती हा चैनीचा भाग नसतो. केल्पचा एक पट्टा अंगाभोवती गुंडाळून तो उताणा तरंगत झोपतो. पिलू असेल तर आई डुबकी मारण्याआधी पिलालाही तसंच केल्पमध्ये गुंडाळून ठेवते, वाहून जाऊ नये म्हणून. दचकून डुबकी मारली की केसांत नवं थंड पाणी, पुन्हा अंग घासणं, पुन्हा भूक. प्रत्येक वेळी थोडी ऊर्जा जाते.

कयाकवाल्यांना इथं सांगितलं जातं की पाणमांजरापासून पाच कयाकांएवढं, म्हणजे ६० फूट अंतर ठेवा. ताशी ३२ किलोमीटरला हे १८ मीटर अंतर दोन सेकंदांत संपतं. जेट-स्की अर्ध्या किलोमीटरवरून ऐकू येते, झोपलेला प्राणी निदान जागा होतो. ई-फॉइल जवळ येईपर्यंत कळतच नाही. शिवाय केल्प मास्टला अडकतं म्हणून शहाणा चालक केल्पच्या रानात शिरत नाही, तो त्याच्या बाहेरच्या कडेनं जातो. आणि ती कड म्हणजे पाणमांजरं खेकडे-शिंपले शोधायला डुबक्या मारतात, वर येतात, ती जागा. डुबकीतून वर येणारं डोकं कुठं निघेल हे उभ्या माणसालाही सांगता येत नाही.

माणसं आणि पाणमांजरं इथं किती जवळ वावरतात हे २०२३ च्या उन्हाळ्यात सगळ्यांनी पाहिलं. सांताक्रूझला ८४१ क्रमांकाची मादी सर्फरांच्या बोर्डांवर चढून बसत होती.

तेव्हा हिशेब असा लागतो: धूर सुटला, उथळ पाणी सुटलं, धडकेचा प्रश्न अर्धा सुटला, घिरट्या तशाच राहिल्या, आणि शांतपणानं एक नवा धोका आणला. ई-फॉइल जेट-स्की नाही, पण सर्फबोर्डही नाही. त्याला तिसरा खाना हवा.

पट्ट्यांची अडचण

'मनाई कुठं आहे? पट्टे आहेत ना, तिथं चालवा,' असं उत्तर मिळतं. या प्रकरणातला सर्वांत मोठा दोष या उत्तरात आहे.

पट्टे आखले गेले तेव्हा समोर जेट-स्की होती. टाकीभर पेट्रोलवर दोन-तीन तास धावणारी, लाटेवर आपटत जाणारी, पडलं तरी पुन्हा चढून बसता येणारी. म्हणून पट्टे बंदराबाहेर, मोकळ्या समुद्रात ठेवले, केल्प आणि किनाऱ्यापासून दूर. प्राण्यांच्या दृष्टीनं उत्तम जागा. ई-फॉइलच्या दृष्टीनं फार वाईट. वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत इथं दुपारी वायव्येचा वारा उठतो आणि तुटक लाटा होतात. पंख वरचेवर हवा ओढतो, माणूस पडतो, प्रत्येक उठण्यात जास्तीची वीज जाते. जाण्या-येण्यात बॅटरीचा मोठा भाग खर्च होतो, आणि परत येताना वारा कोणत्या बाजूचा असेल ते नशिबावर. वाटेत मॉस लँडिंगसारख्या बंदराचं तोंड लागतं, जिथं पाणमांजरं कळपानं पडलेली असतात. म्हणजे पट्ट्यात पोहोचण्यासाठी नेमकं तिथूनच जायचं.

परिणाम काय होतो? कागदावर परवानगी, प्रत्यक्षात बंदी. अनुभवी माणूस पट्ट्यात जायचं टाळतो, कारण त्याला धोका समजतो. मग तो एकतर गाव सोडतो किंवा पहाटे गुपचूप केल्पच्या कडेनं फिरून येतो. म्हणजे नियम चालकाला नेमका तिथं ढकलतो जिथून त्याला दूर ठेवायचं होतं.

आणि पकडणार कोण? नोआचे अंमलबजावणी अधिकारी, राज्याच्या मत्स्य व वन्यजीव खात्याचे वॉर्डन, बंदराची गस्त. लांबून पाहिलं तर पाण्यावर तरंगत जाणारा एक माणूस दिसतो, बस. ओळखायच्या खुणा आहेत: हातात शीड नाही, एका हाताची मूठ कायम वळलेली कारण त्यात रिमोट आहे, आणि सपाट पाण्यावर, लाट नसताना, गुडघ्यावरून थेट उठून वर येणं. मोटरशिवाय हे तिसरं जवळपास कुणालाच जमत नाही. पडल्यावर मास्ट वर आला आणि तळाशी फुगीर मोटर दिसली की शंका उरत नाही. दंडाची मूळ कायदेशीर कमाल दिवसाला, प्रत्येक उल्लंघनामागे, १ लाख डॉलर होती, आणि महागाईनुसार ती वाढवली जाते. साध्या उल्लंघनाला तेवढा दंड होत नाही, पण 'मला माहीत नव्हतं' हा बचावही नाही.

राज्याचे नियम वेगळे, आणि तेही लागू

संघराज्य नियम 'कुठे' सांगतो, कॅलिफोर्नियाचा 'कसं' सांगतो. राज्याच्या व्याख्येत १३ फुटांपर्यंतचं, यंत्रानं चालणारं, वर बसून, उभं राहून किंवा गुडघे टेकून चालवायचं जलयान येतं. ई-फॉइल त्यात शब्दाला शब्द बसतं. मग लाइफ जॅकेट अंगात हवं, तेही अमेरिकी तटरक्षक दलाची मान्यता असलेलं. फॉइलवाले वापरतात ती पातळ इम्पॅक्ट व्हेस्ट बहुतेक वेळा तशी मान्यताप्राप्त नसते. खरेदी करताना आतला शिक्का वाचावा, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नये. मोटरबोट चालवायचं राज्याचं बोटर कार्ड १ जानेवारी २०२५ पासून सर्व वयांच्या चालकांना लागतं. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत चालवायला मनाई. इंजिन बंद करायची दोरी कंपनीनं दिली असेल तर ती बांधलीच पाहिजे. ई-फॉइलमध्ये ते काम रिमोटचा ट्रिगर करतो, काही मॉडेलांना चुंबकी कळ असते. ती असेल तर घोट्याला बांधूनच निघावं.

पोहणाऱ्यापासून १०० फुटांच्या आत आणि पोहण्याच्या किनाऱ्यापासून २०० फुटांच्या आत वेग ताशी ५ मैल, म्हणजे ८ किलोमीटर. ई-फॉइल या वेगाला पाण्याबाहेर येऊच शकत नाही. म्हणजे त्या ६० मीटरच्या पट्ट्यात पोटावर झोपून किंवा गुडघ्यावर, बोर्ड पाण्याला टेकलेला ठेवूनच जायचं. हा नियम चांगला आहे आणि योगायोगानं ई-फॉइलला फार छान लागू पडतो: 'वर आलास की नियम मोडलास,' इतकं सोपं. किनाऱ्यावरून बघणाऱ्या जीवरक्षकालाही वेगमापक लागत नाही.

सॅन होजे, सनीव्हेल, फ्रीमाँटला राहणारी बरीच मराठी मंडळी शनिवारी सतरा नंबरच्या रस्त्यानं सांताक्रूझ गाठतात. त्यांतल्या कुणी ई-फॉइल घेतलं असेल किंवा भाड्यानं घेणार असेल, तर उत्तरेला मरीन काउंटीत मोकळीक मिळेल असं समजू नये. काउंटीनं १९९९ मध्येच वैयक्तिक जलयानांवर बंदी घातली, आणि ती राज्याच्या अपील न्यायालयात २००२ मध्ये टिकली. त्या किनाऱ्यालगतच्या ग्रेटर फॅरलोन्स सागरी अभयारण्यात २००१ पासून मनाई आहे. सॅन फ्रान्सिस्को उपसागराचं गोल्डन गेटच्या आतलं पाणी अभयारण्यात येत नाही, पण तिथं शहर, काउंटी आणि बंदर यांचे आपापले नियम आहेत. पाण्यात उतरण्याआधी बंदराच्या कचेरीला फोन करावा आणि प्रश्न नेमका विचारावा: 'मोटर असलेला, उभं राहून चालवायचा बोर्ड इथं चालतो का?' 'ई-फॉइल' म्हटलं तर अनेकदा समोरच्याला पंप-फॉइल, म्हणजे पायांनी दाबत चालवायचा बिनमोटरीचा बोर्ड, वाटतं आणि चुकीचं 'हो' मिळतं.

काय बदलावं

व्याख्या सैल करावी, असं आमचं म्हणणं नाही. ती सैल झाली की तीन आसनांच्या जेट-स्कीचा इतिहास नव्या कपड्यांत परत येईल. २०० किलोची इलेक्ट्रिक जेट-स्कीही 'आम्ही शांत आहोत' म्हणत दारात उभी राहील. 'इलेक्ट्रिक' या शब्दावर कुठलीही सूट बांधू नये.

त्याऐवजी व्याख्येच्या आत एक उपवर्ग करावा: पाण्याखालच्या पंखांवर उचललं जाणारं, एका माणसाचं, बॅटरीसह ४० किलोंच्या आतलं यान. वजनाचा आकडा का? कारण वजन तराजूवर मोजता येतं, सॉफ्टवेअरनं लपवता येत नाही. या उपवर्गाला बंदराच्या तोंडाजवळ, बंधाऱ्याच्या आडोशाला, एखादा चौरस किलोमीटरचा स्वतंत्र पट्टा द्यावा, अशा जागी जिथं तळ वाळूचा आहे आणि केल्प उगवत नाही. केल्पच्या कडेपासून निदान २०० मीटर अंतर. केल्पचं छत उन्हाळ्याच्या शेवटी सर्वांत दाट असतं आणि हिवाळी वादळांत फाटून जातं, म्हणून ही कड उन्हाळ्याअखेरीच्या छतावरून मोजावी. वेळ सकाळची, वारा उठण्याआधीची. पिलांचे कळप दिसले की पट्टा तात्पुरता बंद करायचा अधिकार अभयारण्याच्या अधीक्षकांना असावा.

हे अवास्तव वाटत असेल तर मॅव्हरिक्सचा पाचवा पट्टा बघावा. महिने ठरलेले, हवामानाची अट ठरलेली, कारण ठरलेलं. म्हणजे नोआनं अटींचा पट्टा याआधी आखून दाखवला आहे. इथं फक्त अटी वेगळ्या.

प्रक्रिया लांब आहे. अभयारण्याच्या आराखड्याचा दर पाच वर्षांनी आढावा घ्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात पहिल्या आराखड्यानंतर दुसरा यायला २००८ उजाडलं, तिसऱ्याला २०२१. नियम बदलायचा तर मसुदा राजपत्रात छापावा लागतो, पर्यावरणीय परीक्षण करावं लागतं आणि लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. त्याआधीची जागा म्हणजे अभयारण्याची सल्लागार परिषद. तिच्या बैठका खुल्या असतात आणि लोकांना बोलायला वेळ राखलेला असतो. 'आमच्या खेळावर अन्याय' असं सांगणारी पन्नास पत्रं तिथं एकाच पत्रात मोजली जातात. वजन पडतं ते नकाशाला: प्रस्तावित पट्ट्याचे चार कोपरे अक्षांश-रेखांशासह, त्या चौकटीतली खोली, तळ वाळूचा की खडकाचा, वर्षातल्या चार ऋतूंतले केल्पच्या कडेचे फोटो, आणि आठवड्यातून दोनदा सकाळी सहा ते नऊ या वेळात दिसलेल्या पाणमांजरांची नोंदवही. ही नोंद ठेवायला परवाना लागत नाही. बंधाऱ्यावर उभं राहून दुर्बिणीनं करता येते. वर्षभराची वही हातात असेल तर परिषदेतल्या संवर्धनवाल्या सदस्यांशी बोलणं सोपं जातं, कारण पट्टा कुठं नको हेही त्याच वहीत लिहिलेलं असतं.